निरुपद्रवी इशारा : एक छोटासा इतिहास

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाईची एकच धांदल उडते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते, आणि वर्षभर ज्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिले नाही ती कोपऱ्यातली जळमटे एकदाची निघतात. खरे पाहता त्या जळमटांनी कुणाचे काही वाईट केलेले नसते. ती तशीच राहिली असती तरी करंज्या तळल्या गेल्याच असत्या आणि आकाशकंदीलही लागलाच असता. तरीदेखील घरातली वडीलधारी बाई ती काढल्यावाचून स्वस्थ बसत नाही.

आज वाचकांपुढे जी हकीकत ठेवावयाची आहे ती अशाच जळमटांची आहे. मात्र ही जळमटे संगणकाच्या अंतरंगातली आहेत. ‘काही बिघडलेले नाही, पण एवढे एकदा बघून घ्या’ असे सांगणारे बारीकसारीक इशारे संगणकाच्या कारभारात सतत उमटत असतात. त्यांतले पुष्कळसे अगदी निरुपद्रवी असतात. ते शोधून दूर करण्याचे काम जगभरची कितीतरी माणसे निमूटपणे करीत असतात. काम दिसावयास क्षुल्लक. पण एकदा एका भल्या माणसाने असे एक जळमट झाडताना दाराचे कुलूपच काढून टाकले, आणि वीस महिने ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. तेव्हा जळमट काढावे की राहू द्यावे, आणि काढावयाचे तर कसे काढावे, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात आणि तिच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हे नाव ऐकताच मिशा पिळणारे फौजेतले कर्नलसाहेब डोळ्यांपुढे उभे राहतील. त्यांचा इथे काही संबंध नाही. कवचाच्या आतला जो गर, त्याला इंग्रजीत याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, तो हा. कोणत्या कामाला आधी वेळ द्यावयाचा, स्मृतीतली जागा कुणाला किती वाटून द्यावयाची, हा सारा राज्यकारभार हा गर पाहतो.

दुसरा शब्द ड्रायव्हर. हा एस. टी.चा चालक नव्हे. याला माहूत म्हटले तर अधिक शोभेल. राजाच्या पदरी हत्ती, घोडे, उंट असतात, पण राजाला काही प्रत्येक जनावराची भाषा येत नाही. हत्तीशी माहुताने बोलावे, घोड्याशी मोतद्दाराने. तसेच कर्नलचे आहे. छपाईचे यंत्र, कळफलक, कॅमेरा, ध्वनी वाजवणारे उपकरण, अशा प्रत्येकाचा एकेक माहूत ठेवलेला असतो. जनावर बुजले, की पहिली ओरड माहुताची उठते. आणि कर्नलमधल्या इशाऱ्यांपैकी पुष्कळसे या माहूतवाड्यातूनच येतात.

निरुपद्रवी इशाऱ्याचा सर्वांत नावाजलेला प्रसंग मात्र पृथ्वीवर घडलेला नाही. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन हे दोघे ईगल यानातून चंद्रावर उतरत होते. त्यांच्या यानातल्या संगणकाची कामचलाऊ स्मृती होती अवघी २,०४८ घरांची. आजच्या साध्या मनगटी घड्याळालाही ती अपुरी पडावी. तरी त्या चिमुकल्या संगणकालाही स्वतःचा एक गाभा होता. त्याचे नाव एक्झिक्युटिव्ह. तो हॅल लॅनिंग या अमेरिकन गणितज्ञाने रचला होता, आणि महत्त्वाचे काम आधी, कमी महत्त्वाचे नंतर, हे त्याचे सूत्र होते.

यान चंद्रापासून सुमारे ३३ हजार फूट उंचीवर असताना संगणकाच्या पाटीवर १२०२ हा आकडा झळकला. हा धोक्याचा इशारा होता, पण कसला धोका, हे दोघांनाही उमगेना. आर्मस्ट्राँग यांनी ह्यूस्टनच्या केंद्राकडे अर्थ विचारला. तिथे मार्गदर्शनाच्या मेजावर स्टीव्ह बेल्स नावाचा २६ वर्षांचा तरुण होता आणि त्याला साहाय्य करावयास जॅक गार्मन हा २४ वर्षांचा तरुण बसला होता. काही क्षणांत उत्तर गेले, की उतरणे चालू ठेवा. पुढे १२०२ पुन्हा आला, १२०१ हा त्याचा भाऊही येऊन गेला. प्रत्येक वेळी उत्तर तेच. आणि यान सुखरूप उतरले.

काय झाले होते? उतरताना ज्याची गरज नव्हती अशा एका रडारकडून संगणकाकडे निरर्थक संकेतांचा मारा चालला होता. ते मोजण्यातच त्याचा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत वेळ खर्ची पडत होता. कामांची गर्दी झाली, नव्या कामाला ठेवावयास घर उरेना, तेव्हा एक्झिक्युटिव्हने इशारा देऊन हलकी कामे बाजूला सारली आणि यान उतरवण्याचे मुख्य काम तेवढे पुढे चालू ठेवले. कढईत अनरसे असताना दारी चार पाहुणे एकदम आले, तर शहाणी गृहिणी बाकीचे सोडून आधी कढई सांभाळते. त्यातलाच हा प्रकार.

पण इशारा निरुपद्रवी होता हे गार्मनला इतक्या झटपट कळले कसे? उड्डाणापूर्वीच्या एका तालमीत असाच एक इशारा मुद्दाम देण्यात आला होता, आणि त्या वेळी गरज नसताना बेल्सने उतरणे रद्द करविले होते. त्यानंतर उड्डाणप्रमुख जीन क्रांझ यांनी फर्मावले, की असे जितके म्हणून इशारे असतील तितक्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे काय करावयाचे ते लिहून ठेवा. गार्मनने ती यादी स्वतःच्या हाताने लिहून काढली होती. आणि यादीत नुसते ‘चालेल’ असे लिहिलेले नव्हते. हा इशारा सारखा सारखा येत नसेल तरच चालेल, अशी अट तिथे होती. ‘निरुपद्रवी’ हा शब्द त्याने चौकशीच्या शेवटी उच्चारला, आरंभी नव्हे. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढची सारी हकीकत तिच्याभोवतीच फिरणारी आहे.

आता पृथ्वीवर येऊ. त्याच १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे युनिक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या उभारणीला लागले. पुढे रिची यांनी सी नावाची भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल त्या भाषेत नव्याने लिहिला गेला. सी ही भाषा मोठी विश्वासू. लिहिणाऱ्याला सगळे कळते असे ती धरून चालते आणि त्याला फारसे हटकत नाही. माणसाने लिहिलेली ही भाषा यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा जो दुभाषा, त्याला कंपायलर म्हणतात. तोही त्या काळी फारसे बोलत नसे.

हटकणारा कुणीतरी हवा, हे त्याच प्रयोगशाळेतल्या स्टीव्हन जॉन्सन यांना जाणवले. १९७८ च्या सुमारास त्यांनी एक परीक्षक घडवला आणि त्याचे नाव ठेवले लिंट. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. कोट फाटलेला नाही, बटणेही शाबूत आहेत. पण खांद्यावर कापसाचे तूस दिसते आहे, तेवढे झटकून घ्या, असे सांगणारा हा परीक्षक. काम चालू होण्यापूर्वीच, नुसता मजकूर वाचून, तो शंका काढीत असे. आजचे कंपायलर ज्या सूचना देतात त्यांतल्या पुष्कळांचे मूळ या लिंटमध्ये आहे.

यांतली एक शंका शाळामास्तराला चटकन समजते. संगणकाची स्मृती म्हणजे वर्गातला फळा. तास संपला की मास्तर निघून जातात. फळा पुसलेला असतोच असे नाही. दुसरे मास्तर येतात आणि फळ्याच्या एका चौकटीत उत्तर लिहावयाचे ठरवतात. उत्तर लिहिले तर प्रश्नच नाही. पण काही कारणाने ते लिहावयाचे राहिले आणि मुलांनी चौकटीतला आकडा वहीत उतरवला, तर तो आधीच्या तासाचा असेल! भूगोलातली नदीची लांबी गणिताचे उत्तर म्हणून वहीत जाईल. कंपायलर जेव्हा म्हणतो, की ‘या चौकटीत काही लिहिण्यापूर्वीच ती वाचली जाण्याचा संभव आहे’, तेव्हा त्याला हीच भीती वाटत असते.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांना मोकळा करून दिला. आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, तिचे फार मोठे काही होईल असे नाही. त्या पहिल्या लिनक्स कर्नलच्या ओळी सुमारे दहा हजार होत्या आणि तो जीसीसीच्या हातूनच तयार होत असे. २०२० साल उजाडेपर्यंत त्या ओळी अडीच कोटींच्या वर गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ओळी एकट्या ड्रायव्हरांच्या आहेत. जगातले सर्वांत वेगवान पाचशे संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात. इतके दूर जावयासही नको. आपल्या घरात ज्याला अँड्रॉइड फोन म्हणतात, त्याच्या पोटातही हाच कर्नल आहे.

अडीच कोटी ओळी जिथे आहेत तिथे इशाऱ्यांचा काय तोटा! त्यांतला एक कसा घालवतात ते पाहू. समजा, ध्वनी वाजवणाऱ्या एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर आहे. उपकरणाला जितक्या वाहिन्या असतील तितक्या एकामागून एक सुरू करावयाच्या आणि शेवटचा निकाल वरती कळवावयाचा, एवढे त्याचे काम. निकाल फळ्यावरच्या एका चौकटीत लिहिला जातो. पण तो लिहिला जातो वाहिनी सुरू करतेवेळी. कंपायलर विचारतो, ‘वाहिनी एकही नसेल तर?’ ड्रायव्हर लिहिणारा म्हणतो, ‘बाबा रे, बिनवाहिनीचे उपकरण कारखान्यातून बाहेरच पडत नाही.’ दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. यालाच निरुपद्रवी इशारा म्हणावयाचे.

हा इशारा घालवण्याचा सोपा उपाय म्हणजे चौकटीत आरंभीच शून्य लिहून ठेवणे. कंपायलर तत्काळ गप्प बसतो. पण कर्नलच्या रिवाजात शून्याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा आहे. उद्या एखादे उपकरण मोडले आणि ‘मला वाहिनीच नाही’ असे म्हणू लागले, तर ड्रायव्हर वरती निरोप पाठवील, की सर्व ठीक! वर्गात एकही मूल आलेले नसताना हजेरीपटावर सगळे हजर मांडावे, तशी ही गत झाली. दुसरा उपाय असा, की वाहिनी एकही नसेल तर ‘असे उपकरण नाही’ हा निरोप स्पष्टपणे धाडावा. दोन्ही उपायांत लिहावयाच्या ओळी एक किंवा दोन. परंतु दुसऱ्या उपायासाठी उपकरणाची माहिती वाचावी लागते, निकाल वरती कोण वाचतो ते शोधावे लागते, आणि त्याला काय ऐकावयाचे असते तेही समजून घ्यावे लागते. पहिल्या उपायाला मिनिट पुरते. दुसऱ्याला कधी एक अख्खा दिवसही जातो.

म्हणूनच कर्नलमध्ये अशी दुरुस्ती नुसती पाठवून भागत नाही. इशारा का येत होता, तो खरा होता की खोटा, आणि हाच उपाय का योजला, हे सोबत लिहावे लागते. खाली आपल्या नावाची ग्वाही द्यावी लागते. ही ग्वाहीची प्रथा २००४ साली पडली. त्या त्या ड्रायव्हरचा सांभाळ करणारा माणूस ते वाचतो, शंका काढतो, पुष्कळदा परतही पाठवतो. एका ओळीच्या दुरुस्तीला दहा ओळींचे स्पष्टीकरण, हे तिथले रोजचे प्रमाण आहे. नवख्या माणसाला हा जाच वाटतो. तो जाच कशासाठी, हे समजावयाचे असेल तर वर सांगितलेल्या कुलुपाची हकीकत ऐकली पाहिजे.

ही हकीकत कर्नलच्या आतली नव्हे; त्याच घरातल्या शेजारच्या खोलीतली आहे. लिनक्स कर्नलभोवती बाकीची सामग्री जुळवून संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम तयार करणारी डेबियन नावाची एक स्वयंसेवकांची संघटना १९९३ पासून काम करीत आहे. त्या सामग्रीत ओपनएसएसएल नावाचा एक भाग असतो. संगणकांमधला गुप्त व्यवहार ज्या किल्ल्यांनी कुलूपबंद होतो, त्या किल्ल्या हा घडवतो. किल्ली चांगली व्हावयाची तर तिचे दाते कुणालाही ओळखता न येणारे हवेत. म्हणून जिथे जिथे काही अनिश्चित सापडेल ते गोळा करून एका पातेल्यात घोटावयाचे, अशी त्याची रीत. न पुसलेल्या फळ्यावरचे रेघोटेही तो त्या पातेल्यात टाकीत असे. मिळाले तर बरे, न मिळाले तरी तोटा नाही, एवढ्याच हिशेबाने.

आता व्हॅलग्राइंड नावाचा आणखी एक परीक्षक आहे. न पुसलेला फळा कुणी वाचला की तो ओरडतो. इथे तो सारखा ओरडू लागला. इशारा खरोखरच निरुपद्रवी होता, कारण ते रेघोटे मुद्दामच वाचले जात होते. पण ओरड कानठळ्या बसवणारी. तिच्यात दुसरे काही ऐकू येईना. तेव्हा डेबियनमध्ये त्या भागाचा सांभाळ करणाऱ्या गृहस्थाने, जाणकारांना विचारून, दोन ठिकाणची एकेक ओळ काढून टाकली. सप्टेंबर २००६ मध्ये हा बदल लोकांपर्यंत गेला. व्हॅलग्राइंड गप्प झाला. सगळ्यांना बरे वाटले.

दोन्ही ओळी दिसावयास सारख्याच होत्या. एक ओळ फळ्यावरचे रेघोटे पातेल्यात टाकीत होती. ती गेल्याने काही बिघडले नसते. दुसरी ओळ मात्र जे जे म्हणून अनिश्चित गोळा होई ते सगळे पातेल्यात टाकणारी होती! ती गेली आणि पातेले जवळजवळ रिकामे घोटले जाऊ लागले. त्यात उरला तो फक्त चालू कामाचा अनुक्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ इतक्याच प्रकारचा असू शकतो. ज्या किल्ल्या विश्व संपेपर्यंत ओळखता येऊ नयेत, त्या एखाद्या साध्या संगणकाला थोड्या वेळात एकेक करून लावून पाहता येतील अशा झाल्या. बाहेरून कुलूप तसेच चकाकत होते. किल्ली फिरत होती, दार लागत होते, उघडत होते. कुणाला शंका यावी असे काही नव्हते.

अखेर लुसियानो बेल्लो या डेबियनमधल्याच एका सहकाऱ्याच्या ते ध्यानात आले, आणि १३ मे २००८ रोजी जगाला सांगण्यात आले, की या काळात डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या व्यवस्थांवर घडवलेल्या अशा किल्ल्या टाकून द्या आणि नव्या घडवा. कितीतरी ठिकाणी कुलपे बदलावी लागली. ज्या गृहस्थाने ओळी काढल्या त्याला त्या वेळी पुष्कळ बोल लागले. ते मला न्यायाचे वाटत नाही. त्याने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले नव्हते. ज्यांना विचारावयाचे त्यांना त्याने विचारलेही होते, आणि त्यांनी मान हलवली होती. उणीव एकच राहिली. इशारा निरुपद्रवी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ज्या ओळीतून तो येतो आहे ती ओळ काय करते, हे कुणी बसून वाचले नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग इशाऱ्यांना हात न लावणेच बरे. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. २००९ साली लिनक्स कर्नलच्या टन नावाच्या ड्रायव्हरमध्ये एक दोष सापडला. त्यात लिहिणाऱ्याने आधी एका घरात शिरून वस्तू घेतली होती आणि मग पुढच्या ओळीत विचारले होते, की हे घर अस्तित्वात आहे ना? क्रम चुकला, एवढेच. पण कंपायलरने तर्क चालवला, की ज्याअर्थी तुम्ही आत जाऊन आला आहात त्याअर्थी घर आहेच. मग हा प्रश्न कशाला? आणि काम वेगाने व्हावे म्हणून त्याने तो प्रश्नच गाळून टाकला. ब्रॅड स्पेंग्लर या सुरक्षातज्ज्ञाने त्या फटीतून संपूर्ण संगणकाचा ताबा घेता येतो हे करून दाखवले. तेव्हापासून अशा चौकशा गाळू नयेत, अशी ताकीद कर्नल तयार करताना कंपायलरला दिली जाऊ लागली. चुकीचा क्रम एखाद्या परीक्षकाने वेळीच दाखवून दिला असता, तर हीच गोष्ट एका किरकोळ इशाऱ्यावर निभावली असती. तेव्हा घरात शांतता आहे एवढ्यावरून घर सुरक्षित आहे असे ठरत नाही.

कर्नलच्या मंडळींनी यातून हळूहळू आपली शिस्त बसवली, आणि तीही ठेचा खातच. खोट्या वाटणाऱ्या इशाऱ्यांसाठी पूर्वी तिथे एक युक्ती वापरीत. चौकटीला एक विशिष्ट खूण केली, की कंपायलर तिच्याबद्दल बोलत नसे. पुढे कुणी आजूबाजूच्या ओळी बदलत, शंका खरी होई, तरी तोंडाला बांधलेली पट्टी तशीच राही. २०२० साली केस कुक यांनी ती खूण साऱ्या कर्नलमधून काढून टाकली. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने टोरवाल्ड्स यांनी ‘चौकट रिकामी असू शकेल’ ही कंपायलरची एक विशिष्ट शंकाच सर्वसाधारण वापरात बंद करविली. कारण नव्या जीसीसीमध्ये तिच्या खोट्या हाका इतक्या वाढल्या, की खऱ्या हाका त्यांत बुडू लागल्या. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्यात पोराचा दोष सगळे पाहतात. पण गावकऱ्यांचे कान कसे निबर झाले, तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आणखी कडक नियम केला, की यापुढे एकही इशारा उमटला तरी तो चूक समजावा आणि कर्नल तयारच होऊ नये. लोक इशारे वाचीत नाहीत, तर आता वाचावेच लागतील! पण कंपायलर निरनिराळे, यंत्रे निरनिराळी. एकाकडे जे स्वच्छ ते दुसऱ्याकडे मळके. जागोजाग काम अडले आणि काही दिवसांतच तो नियम सौम्य करावा लागला. चाचणीसाठी कर्नल तयार करणाऱ्यांपुरता तो आपोआप लागू राहिला. छडी हाती असलेल्या प्रत्येक मास्तराला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

आणि निरुपद्रवी म्हणजे तरी कुणाच्या घरी? कर्नल चालू असताना जे इशारे देतो, ते आपल्या घरच्या संगणकात एका रोजनिशीत नोंदले जाऊन पडून राहतात. आपल्याला पत्ताही नसतो. पण काही कर्नल असे लावून ठेवलेले असतात, की असा एक इशारा उमटला तरी सगळे यंत्र तिथल्या तिथे थांबावे. शंकास्पद स्थितीत काम चालू ठेवण्यापेक्षा थांबलेले बरे, असा त्या मालकांचा विचार. म्हणजे माझ्याकडे जे जळमट, ते दुसऱ्याकडे दिवा विझवणारे वारे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आपला माहूत कोणाच्या दारी जाऊन उभा राहणार आहे हे आधी कळत नाही.

म्हणून ही सफाई चालूच राहते. लिनक्समध्ये कर्नल जॅनिटर्स, म्हणजे कर्नलचे झाडूवाले, असे नाव घेतलेला एक उपक्रमच होता. आर्न्ट बेर्गमान यांच्यासारखे जुने जाणते लोक कर्नल निरनिराळ्या तऱ्हांनी पुन्हा पुन्हा तयार करून पाहतात आणि जे इशारे पडतील ते एकेक करून निस्तरतात. नवी मुलेमुलीही पुष्कळदा याच कामाने आरंभ करतात. कारण एक लहानसा इशारा नीट समजून घ्यावयाचा म्हटला तरी भोवतालचे सारे वाचावे लागते, आणि वाचता वाचता घर ओळखीचे होते. कोणत्याही गावात नव्या सुनेला घर कळते ते पाहुणी म्हणून बसून नव्हे, झाडू हातात घेतल्यावरच.

अशा कामाचा बोभाटा कधी होत नाही. गार्मनची यादी उपयोगी पडली म्हणून तिची आठवण राहिली. ज्या याद्या उपयोगी पडण्याची वेळच आली नाही, त्या लिहिणाऱ्यांची नावे कोण घेणार? आपल्या फोनवर अधूनमधून ‘काही सुधारणा केल्या आहेत’ अशी मोघम सूचना येते आणि आपण ती न वाचताच बाजूला सारतो. तिच्यात कधीतरी, कुठल्या तरी ड्रायव्हरमधली अशी एक ओळ असते, जिच्यामुळे आपल्याला आज काहीही फरक पडणार नाही. ती लिहिण्यापूर्वी कुणीतरी दिवसभर बसून आजूबाजूची शंभर पाने वाचलेली असावीत आणि मग खाली आपले नाव घातलेले असावे, एवढीच अपेक्षा. फोन हातात धरून आपण निर्धास्त असतो ते अशा वाचणाऱ्यांच्या भरवशावर.